दादा, सूट कोणालाही बसत नाही

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की सुपरहीरो पिक्चरमध्ये सगळं काम कॉम्प्युटर करतो, सूटच्या आत कोणीही उभा केला तरी चालतं, कास्टिंग म्हणजे फक्त कॉमिकमधल्या चित्रासारखा दिसणारा माणूस शोधायचा, आणि मी सूटमधल्या नटांबद्दल "अंडररेटेड अंडररेटेड" करत बसतो ते म्हणजे कुडाळात बसून हॉलिवूडला अक्कल शिकवणं. शेवटी स्मायली टाकलात म्हणून राग नाही, पण उत्तर देतोच.

आधी दिसण्याचं. एक्स-मेन कॉमिकमधला वुल्व्हरिन पाच फूट तीन इंचाचा बुटका गडी, आणि पिक्चरमध्ये तो करणारा ह्यू जॅकमन सहा फुटांच्या वर. बरं तो पहिली पसंती पण नव्हता, डग्रे स्कॉटला घेतलेलं, त्याचं मिशन इम्पॉसिबल २ चं शूटिंग लांबलं म्हणून हा आयत्या वेळी आला. तुमच्या नियमाने त्याला २००० साली पहिल्या एक्स-मेनच्या वेळीच घरी पाठवायला हवा होता. १९८९ च्या बॅटमनला मायकल कीटनचं नाव आलं तेव्हा कॉमेडी करणारा बॅटमन कसला म्हणून लोकांनी स्टुडिओला ५०,००० च्या आसपास निषेधाची पत्रं पाठवली असं सांगतात, तेही पोस्टाने, तिकीट लावून! जोकरसाठी हीथ लेजरला घेतला त्या वेळी पण तीच बोंब. पुढचं तुम्हाला माहितीच आहे.

आता "आत कोणीही चालतो", खरं तर याच्यासाठीच एवढं टाईप करायला बसलो. डग जोन्स. २००४ च्या हेलबॉयमधला तो माशासारखा निळा एब सेपियन आठवतोय? तो हा. अंगभर रबर, गळ्याला कल्ले, चेहरा जवळजवळ झाकलेला, मग हा माणूस मानेने आणि बोटांनी बोलतो. त्याची बोटं बघा एकदा, कोरड्या खोलीत उभा असला तरी पाण्यात असल्यासारखी हलतात. आवाज डेव्हिड हाइड पियर्सचा, म्हणजे तेव्हाचं टीव्हीवरचं मोठं नाव, पण त्याने स्वतःहून श्रेयनामावलीत नाव घेतलं नाही, म्हणाला हे पात्र जोन्सचं आहे. २००८ च्या दुसऱ्या भागात मग आवाज पण जोन्सचाच ठेवला. आणि मधे २००७ मध्ये यानेच फँटास्टिक फोरच्या दुसऱ्या भागातला चंदेरी अंगाचा सिल्व्हर सर्फर केला तर तिथे परत अंग याचं, आवाज लॉरेन्स फिशबर्नचा. आता तुम्हीच सांगा, अंडररेटेड नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सीमधला कॉम्प्युटरवर बनवलेला बोलका प्राणी, रॉकेट रकून, म्हटलं की सगळे त्याला आवाज देणारा ब्रॅडली कूपर म्हणतात. पण सेटवर गुडघे दुमडून, उकिडवा बसून, तसाच चालून बाकीच्यांसमोर रॉकेट करायचा तो शॉन गन. समोरच्या नटाला डोळ्यात बघून बोलायला कोणीतरी लागतं ना हो. फायनल पिक्चरमध्ये तो पूर्ण पुसलेला असतो.

आणि कुडाळात बसून म्हणालात ना, तर कुडाळात बसल्यामुळेच हे दिसतं असं माझं मत आहे. तुम्ही पण जत्रेला येता, दशावतार बघितलाय. संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरलेलं, बाकी सगळं उभ्या उभ्या. नट स्वतःच आरसा समोर घेऊन तोंड रंगवतो. मग मध्यरात्रीनंतर राक्षस आरोळ्या मारत येतो, पुढे बसलेली पोरं टरकतात, आणि मागची म्हातारी माणसं तोंडावर एवढा रंग असताना नुसत्या चालीवरून सांगतात की आज राक्षस कोणी केलाय. नट बदलला आणि जमला नाही तर लगेच, "हो कसलो राक्षस?" मुकुट तोच, कपडे तेच, पायपेटी आणि झांज पण तीच. तिथे आत कोणीही चालतो असं म्हणून दाखवा, म्हातारे उठवून घालवतील.

हां, चांगला नट मेकअपखाली गाडून वाया घालवतात हे मात्र शंभर टक्के खरं. २०१३ च्या थॉरमध्ये क्रिस्टोफर एकलस्टनला पांढरा रंग फासून उभा केला आणि करायला काही दिलंच नाही, २०१६ च्या एक्स-मेनमध्ये ऑस्कर आयझॅकचं तेच, निळा रंग आणि भाषण. पण तो दोष लिहिणाऱ्यांचा. नट बदलून काय होणार होतं?

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, अशा अंडररेटेड नटाचं एकच नाव सांगा. हॉलिवूडचं नाही सांगत. मिन्नल मुरली, २०२१ चा मल्याळम सुपरहीरो पिक्चर, त्यातला शिबू म्हणजे गुरु सोमसुंदरम. माणूस तामिळ, नाटकवाला, या रोलसाठी मल्याळम शिकला. हीरो टोव्हिनो थॉमस आहे आणि तो चांगलाच आहे, पण व्हिलन असून आपण शिबूच्या बाजूने होतो. चहाच्या टपरीवर काम करणारा, गावाने वेडा ठरवलेला, वर्षानुवर्षं एका बाईवर जीव टाकून बसलेला, आणि ती शेवटी हो म्हणते तेव्हा तो हसतो की रडतो तेच कळत नाही, दोन्ही एकाच वेळी चाललेलं असतं, आणि त्यात व्हीएफएक्स, म्हणजे कॉम्प्युटरची करामत, शून्य. तेवढा सीन बघा आणि मग भांडायला या. फक्त हिंदी डबमध्ये नको, मल्याळमच लावा, खाली सबटायटल असतात, कारण त्याचं अर्धं काम त्या घोगऱ्या आवाजात आहे.