हेलकॅटचे नाक आणि हवेचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डॉज कंपनीच्या नव्या चार्जर मोटारीत सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) लावलेले जुन्या ‘हेलकॅट’ गाड्यांसारखे आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन पुन्हा आलेच, तर त्या गाडीचे नाक, बॉनेट आणि मडगार्ड कसे असतील, याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप तीन आहेत. झाकलेल्या चाचणीगाड्यांच्या धूसर छायाचित्रांवरून अंदाज बांधणे हा कुडमुड्या जोशाचा धंदा आहे. आर-विंग, म्हणजे नाकाच्या वरच्या कडेवरचा तो आडवा पूल, हीच नव्या चार्जरची ओळख असल्यामुळे तो जाईल हे माझे म्हणणे निराधार आहे. आणि मी रेखाटलेली रुंद, वरून जोडलेली मडगार्डे निव्वळ जुन्या हेलकॅटच्या आठवणीतून आलेली आहेत. यांतला तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पहिला निम्मा आणि दुसरा मुळीच नाही.

मडगार्डांबाबत माझी चूकच झाली. डॉजचीच ७०७ अश्वशक्तीची चॅलेंजर हेलकॅट २०१५ च्या मॉडेलमध्ये आली, तेव्हा तिचे अंग अरुंदच होते. ३०५ मिलिमीटर रुंदीचे टायर मावावेत म्हणून तिला साडेतीन इंचांची रुंदी २०१८ च्या वाइडबॉडी या रुंद आवृत्तीमध्ये वरून चिकटवावी लागली. नव्या चार्जरला ती अडचण नाही. तिच्या डेटोना नावाच्या इलेक्ट्रिक आवृत्तीमध्येच ट्रॅक पॅकेजसह पुढे ३०५ आणि मागे ३२५ मिलिमीटरचे टायर बसतात, म्हणजे चाकांच्या कमानी मुळातच तेवढ्या ऐसपैस आहेत. तिथे आणखी ठिगळ लावण्याचे कारण नाही, आणि माझ्या चित्रात ते सवयीने आले.

छायाचित्रांविषयी आपण म्हणता ते अर्धे खरे आहे. नागमोडी नक्षीचे आवरण, खाली ठोकलेले फोमचे तुकडे आणि खोटे दिवे यांच्यामुळे अंगावरच्या रेषा वाचता येत नाहीत. त्या वाचल्याचा दावा करणाऱ्यांवर मीही विश्वास ठेवत नाही. परंतु चाचणीच्या गाडीला काही गोष्टी लपवता येत नाहीत, कारण त्या लपवल्या तर चाचणीच फसते. भर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डेथ व्हॅली या वाळवंटात चढावर नेऊन तापवायच्या गाडीचा रेडिएटर आवरणाखाली झाकून चालत नाही, त्यामुळे जाळीचे भोक किती मोठे आहे आणि त्यामागे किती थर आहेत, हे दिसतेच. ब्रेकच्या तबकडीचा व्यास, टायरची रुंदी, धुराड्याच्या नळ्यांची जागा, बॉनेटचा उंचवटा यांचेही तेच. मी आधार घेतला तो एवढ्याच खुणांचा, आणि लेखात ही मर्यादा स्पष्ट लिहायला हवी होती.

आता आर-विंग. आपला युक्तिवाद असा की हा पूल म्हणजे १९६८ च्या चार्जरच्या नाकाची आठवण आहे आणि तो काढला तर चार्जर उरतच नाही. पण तो पूल कोणत्या गाडीसाठी जन्माला आला, ते आपण पाहावे. ऑगस्ट २०२२ मध्ये मिशिगनमधील पाँटिअ‍ॅक येथे तो प्रथम दिसला तो बॅटरीवर चालणाऱ्या संकल्पना-गाडीवर. पुढे इंजिनच नसल्यामुळे नाकाच्या वरच्या भागातून हवा आत घेऊन ती थेट बॉनेटवर सोडता आली. जुना चेहरा कायम राहिला आणि शिवाय हवेने गाडी रस्त्यावर दाबून धरण्याचाही फायदा झाला. पेट्रोलच्या गाडीत ती जागा मोकळी नसते. ५५० अश्वशक्तीपर्यंतच्या, तीन लिटर सहा सिलिंडर इंजिनाच्या सिक्सपॅक या नव्या चार्जरच्याच पेट्रोल आवृत्तीमध्ये डॉजने स्वतःच तो पूल वगळला आणि बॉनेटला उंचवटा दिला. सहा सिलिंडरांसाठी जे सोडावे लागले, ते सुपरचार्ज केलेल्या आठ सिलिंडरांसाठी परत येईल असे मानायला मला कोणतेही कारण दिसत नाही.

याच्या मुळाशी उष्णता आहे. ६.२ लिटरच्या पहिल्या हेलकॅट इंजिनात सुपरचार्जर ११.६ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचे एकक) दाब देत असे, आणि तो फिरवण्यासाठी इंजिनाचीच ८० अश्वशक्तीपर्यंत ताकद खर्ची पडत असे. एवढ्या दाबाने हवा ढोबळ हिशेबाने ७०-८० अंशांनी तापते. तापलेली हवा विरळ होते आणि इंजिनात ठोके पडण्याचा धोका वाढवते, म्हणून तिला निववणाऱ्या इंटरकूलरच्या पाण्यासाठी वेगळा रेडिएटर लागतो. इंजिनाचा मुख्य रेडिएटर, तेलाचा कूलर, गिअरबॉक्सचा कूलर हे त्याशिवाय. २०१८ च्या डीमन या चॅलेंजरच्या आणखी ताकदवान आवृत्तीमध्ये तर इंटरकूलरचे पाणी गार करायला एसीचा गॅस वळवावा लागला होता! या साऱ्यांना समोरून येणारी हवा हवी असते आणि ती इकडेतिकडे न निसटता त्यांच्यातूनच जायला हवी असते. नाकातून शिरलेल्या हवेतला मोठा वाटा पूल जर बॉनेटवरून उधळून लावणार असेल, तर उरलेल्या जागेत इतके कूलर मावणे कठीण आहे.

उंचीचा प्रश्न वेगळाच. हेमीचा, म्हणजे डॉजच्या या व्ही-८ इंजिनाचा, सुपरचार्जर सिलिंडरांच्या दोन ओळींच्या मधल्या खोबणीवर बसतो, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर आणखी एक मजला चढतो. फोर्डने २०२० च्या शेल्बी जीटी ५०० मध्ये सुपरचार्जर उलटा बसवून वजन खाली आणले, तरी बॉनेटवर गरम हवा बाहेर सोडणारा ३१ बाय २८ इंचांचा प्रचंड झरोका ठेवावाच लागला. त्यामुळे सिक्सपॅकपेक्षा उंच बॉनेट आणि त्याच्या पुढच्या भागात गरम हवा बाहेर टाकणारी दोन छिद्रे, हे माझे अनुमान मी कायम ठेवतो. ती छिद्रे पुढेच असतील, कारण बॉनेटच्या पुढच्या भागात हवा वेगाने वळते, तिथे दाब कमी असतो आणि आतली हवा ओढली जाते. काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, तिथे छिद्र ठेवले तर गरम हवा आतच अडते.

१९६८ च्या चेहऱ्याचा आपण एवढा आदराने उल्लेख केलात, म्हणून त्याचीही गोष्ट सांगतो. ती खोल गेलेली जाळी आणि खांबांच्या मध्ये खचलेली मागची काच दिसायला देखणी होती, पण नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यतींच्या लांब ट्रॅकवर तीच नडली. जाळी हवा अडवून धरायची आणि मागची काच गाडीला वर उचलायची. १९६९ मध्ये चार्जर ५०० काढताना डॉजने जाळी पुढे आणली आणि काच सपाट केली. तेवढ्याने भागले नाही, तेव्हा त्याच वर्षी टोकदार नाकाची आणि २३ इंच उंच पंखाची मूळ डेटोना आली, आणि २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगा येथील ट्रॅकवर शर्यतपटू बडी बेकरने तिच्यातून ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. आपण ज्या चेहऱ्याला चार्जरची अटळ ओळख म्हणता, तो डॉजने स्वतः वर्षभरात बदलला होता आणि तोही हवेसाठीच.

शेवटी आपण विचारले आहे की जुन्या चॅलेंजर हेलकॅटप्रमाणे चालकाच्या बाजूचा आतला दिवा पोकळ करून त्यातून इंजिनाला हवा देतील का. ती युक्ती मलाही फार आवडते, पण तिला गोल, स्वतंत्र दिवा लागतो. नव्या चार्जरच्या कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच प्रकाशपट्टी आहे; तीत भोक पाडले तर ती पट्टीच तुटते. म्हणून श्वासाची हवा बॉनेटवरच्या मधल्या तोंडातून येईल, असे मला वाटते. रुंद मडगार्डे काढून आणि हे तोंड थोडे पुढे सरकवून सुधारलेले रेखाचित्र मी मूळ लेखात लावत आहे. जुने चित्रही त्याच्याशेजारी ठेवतो, म्हणजे आपला आक्षेप कशावर होता हे नव्या वाचकांना कळेल.