टेक ऑफ

परवा बुधवारी रात्री जेवायला बसलो, तांबड्याची वाटी नुसती तोंडाला लावली तोवर पोरगं पुस्तक घेऊन हजर. पप्पा, टेक ऑफ म्हंजे काय ओ? म्हटलं सोप्पंय, उजळाईवाडीवरनं विमान उडतंय ते टेक ऑफ. तर म्हणतंय, पण हितं लिहिलंय टेक ऑफ युवर शूज. म्हटलं हां, विमान असलं की उडायचं, बूट असले की काढायचे, जा झोप आता.

झोपतंय कशाला. मग मोबाईल काढला आणि तिथंच चुकलं, कारण रजा घेतली तरी टेक ऑफ, बिलातनं दहा टक्के कमी केलं तरी टेक ऑफ, धंदा जोरात चालायला लागला तरी टेक ऑफ, कुणाची नक्कल केली तरी टेक ऑफ आणि न सांगता सटकलं तरी तेच. टेक म्हणजे घे, ऑफ म्हणजे बंद, माझ्या हिशेबानं हे मिक्सरला लागू व्हायला पाहिजे होतं.

वर आणि नियम. टेक ऑफ युवर शूज चालतंय, टेक युवर शूज ऑफ पण चालतंय, पण बुटाच्या जागी इट आलं की त्यानं मधेच बसायचं, टेक इट ऑफ. शेवटी बसवलं की चूक. केएमटी बसमधे बारकं पोर दोघांच्या मधे कोंबतात तसं. आणि विमान उडतं तेव्हा मधे कोण नाही, शेवटी पण कोण नाही, ते आपलं एकटंच उडतंय.

तेवढ्यात आई आतनं ओरडली, पोराला आधी चपला काढून आत ये म्हणावं, आणि उद्या रजा काढणार हैस का परत पळ काढणार हैस, गॅसवाला येणार हाय. माझी ट्यूबच पेटली की! चपला काढणे, रजा काढणे, पळ काढणे, तिन्ही टेक ऑफ! पोराला म्हटलं भावा, लिहून घे, जिथं काढणं तिथं टेक ऑफ. लई खूश झालो, गार झालेला तांबडा पण गोड लागला. (आई रिक्षाला चल गाडी काढ म्हणते ते सुद्धा बसत होतं जवळजवळ.)

काल पेपर हातात आला. वाक्यात उपयोग करा, पाच मार्क. वुई टेक ऑफ फोटो ॲट रंकाळा. ग्रँडमदर टेक्स ऑफ रांगोळी. माय फादर टेक्स ऑफ लोन. मदर टेक्स ऑफ फादर्स मिस्टेक्स. इथवर ठीक, म्हणजे मार्क शून्यच, पण घरातलं सगळं खरं लिहिलंय. पाचवं, ॲट गंगावेश, बफेलो टेक्स ऑफ एव्हरी इव्हिनिंग. धार काढतात म्हणायचं होतं बिचाऱ्याला, तिथं कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळ ग्लास हातात देतात ते. टीचरनी लाल पेनानं खाली विचारलंय, व्हेअर टू?

आणि त्याच्याखाली, पालकांनी शनिवारी भेटावे.

बायको म्हणते, तुम्हीच शिकवलंय, तुम्हीच जावा. आता शनिवारी रजा काढावी का पळ काढावा ते बघायलोय.