व्होल्टेज पूर्ण दिसतंय म्हणून ग्रिड सुरक्षित नसते

इलेक्ट्रिकल शिकणाऱ्या माझ्या भाचीने एक फॉरवर्ड पाठवून विचारलं, "मामा, हे परीक्षेत लिहिलं तर चालेल?" नाही चालणार. त्यातले दावे असे: बसचं (उपकेंद्रात लाइन एकत्र जोडतात त्या बिंदूचं) व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या 95 ते 105 टक्क्यांत असलं की धोका नाही, व्होल्टेज घसरलंच तर कपॅसिटर (व्होल्टेजला आधार देणारं उपकरण) जोडा, काम झालं, ब्लॅकआउट फक्त निर्मिती कमी पडल्यावर होतो, लोड फ्लो (जाळ्यातली व्होल्टेज आणि वीजप्रवाह काढायचं गणित) कन्व्हर्ज झाला नाही, म्हणजे उत्तरावर स्थिरावला नाही, तर चूक सॉफ्टवेअरची.

पहिला दावा सर्वांत घातक. पी-व्ही आलेखाचं (वीज वाढेल तसं व्होल्टेज कसं बदलतं ते दाखवणाऱ्या आलेखाचं) टोक, म्हणजे त्या लाइनवरून जास्तीत जास्त जितकी वीज नेता येते तो बिंदू, कुठे येतं ते गणितानेच बघा. असं धरा: लाइनमध्ये रोध नाही, लोडचा (वीज घेणाऱ्यांच्या मागणीचा) पॉवर फॅक्टर 1, म्हणजे घेतलेली सगळी वीज प्रत्यक्ष कामाची, आणि वीज पाठवणाऱ्या बाजूला 100 टक्के व्होल्टेज. कपॅसिटर नसेल तर टोक सुमारे 71 टक्क्यांवर येतं. तिथवर जाण्याआधी कुणालाही धोका दिसेल. आता लोडपाशी कपॅसिटर लावा, त्याचा ससेप्टन्स (एसी प्रवाह किती सहज जाऊ देतो ते माप) गुणिले लाइनचा रिॲक्टन्स (एसी प्रवाहाला होणारा तिचा अडथळा) 0.3 येईल एवढा. टोक थेट 101 टक्क्यांवर जातं! मीटर 'सगळं ठीक' म्हणतोय आणि पुढचा एक मेगावॅटही पेलायची ताकद उरलेली नाही.

कपॅसिटरने क्षमता वाढते, हे मान्य करावं लागेल. वरच्याच उदाहरणात ती सुमारे 43 टक्क्यांनी वाढते. पण त्याची रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज टिकवायला लागणारी) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज 90 टक्क्यांवर आलं की तो 81 टक्केच देतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी हात आखडता घेतो. त्यात ट्रान्सफॉर्मरचे टॅप चेंजर (वेढ्यांचं प्रमाण बदलणारी यंत्रणा) ग्राहकाचं व्होल्टेज सावरायला लागले की लोड पुन्हा वाढतो आणि वरच्या ट्रान्समिशन लाइनचं व्होल्टेज आणखी खचतं.

निर्मितीच्या दाव्याला टोकियो पुरेसं आहे. 23 जुलै 1987, कडक उन्हाळा. जेवणाच्या सुट्टीनंतर मागणी मिनिटाला सुमारे 400 मेगावॅटने वाढत गेली. हाताशी होते ते सगळे कपॅसिटर जोडले, तरी 500 केव्हीच्या जाळ्यात काही ठिकाणी व्होल्टेज 370 केव्हीपर्यंत उतरलं. मग रिलेंनी (गडबड दिसली की आपोआप जोडणी तोडणाऱ्या उपकरणांनी) उपकेंद्रं तोडली आणि 8,000 मेगावॅटहून जास्त लोड गेला. जाळं कोसळलं ते व्होल्टेजमुळे.

कन्व्हर्जन्सचं म्हणणं अर्धं खरं. सुरुवातीचा अंदाज वाईट असला तरी न्यूटन-रॅफसन (अंदाज सुधारत सुधारत उत्तर काढायची लोड फ्लोची पद्धत) अडकते. पण आलेखाच्या टोकाजवळ जेकोबियनच (त्या पद्धतीत अंदाज सुधारायला वापरतात तो मॅट्रिक्स) सिंग्युलर होत जातो, म्हणजे त्याचा व्यस्त काढता येईनासा होतो, आणि टोकापलीकडे उत्तरच नसतं. म्हणून तर कंटिन्युएशन पॉवर फ्लो वापरतात: लोड पायरीपायरीने वाढवत टोक गाठायचं आणि आजच्या लोडपासून ते किती मेगावॅट दूर आहे ते मोजायचं. एखादी मोठी लाइन किंवा जनरेटर सुटला असं धरून तेच अंतर पुन्हा काढायचं, आणि तेही जनरेटरच्या रिॲक्टिव्ह मर्यादा लावूनच.