चार खांबांपैकी आपण एकच मोजतो

माझी भाची ओहायोत सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा तिला 'काय एप्सिलॉन' (Chi Epsilon) या सिव्हिलच्या हुशार विद्यार्थ्यांच्या संस्थेचं निमंत्रण आलं आणि तिने लगेच फोन केला. "मावशी, हे खरं आहे ना? सभासद व्हायला पैसे भरायचेत म्हणे."

शंका रास्त होती. नुसतं सर्टिफिकेट पाठवून मुलांकडून पैसे काढणाऱ्या 'ऑनर सोसायट्या', म्हणजे गुणवंतांच्या म्हणवणाऱ्या संस्था, अमेरिकेत आहेतच. पण ही त्यातली नाही. 1922 साली इलिनॉय विद्यापीठात सिव्हिलच्या मुलांचे दोन गट एकमेकांना पत्ता नसताना अशीच एक संस्था काढायच्या खटपटीत होते. एकमेकांबद्दल कळल्यावर ते एकत्र आले आणि काय एप्सिलॉन उभी राहिली. सगळ्या शाखांच्या इंजिनिअरांसाठी असलेली 'टाउ बेटा पाय' 1885 पासून होती, पण सिव्हिलवाल्यांची स्वतःची अशी ही पहिली. बिल्ल्यावर सर्व्हेचा ट्रान्झिट, म्हणजे जमीन मोजताना कोन मोजायचं जुनं यंत्र, आहे, समोरून दिसतो तसा. आज टोटल स्टेशन हे इलेक्ट्रॉनिक यंत्र वापरणाऱ्या मुलांना तो ओळखूही येत नाही, मला मात्र तो बिल्ला फार आवडतो.

आता मुद्द्याचं. वर्गातल्या वरच्या एक तृतीयांश मुलांनाच बोलावतात. एवढं कळलं की आपल्या घरांत पेढे वाटतात, आणि वाटावेतही. पण मार्क हा संस्थेने मानलेल्या चार खांबांतला एकच. बाकीचे तीन म्हणजे चारित्र्य, व्यवहारज्ञान आणि माणसांत मिसळण्याची वृत्ती. पदवीच्या वर्षांत मी स्वतः या संस्थेत होते. हे तीन खांब कसे मोजायचे ते आम्हाला कधी जमलं नाही, हे मला आज लिहायचं आहे.

आमच्या वेळी नव्या सभासदांना स्वयंसेवेचे ठरावीक तास आणि मीटिंगांना हजेरी सक्तीची होती. एका मुलाचे मार्क व्यवस्थित बसत होते. त्याच्या वडिलांचा रस्ते आणि फुटपाथचं काँक्रीट ओतायचा छोटा धंदा होता, आणि हा शनिवार-रविवार पहाटेपासून त्यांच्या हाताखाली. आमचे सगळे कार्यक्रम शनिवारीच असायचे. त्याचे तास भरले नाहीत. नावं वाचून झाली, "याचं काय?" असं कोणीतरी विचारलं, हात वर झाले आणि तो गळला. त्यात माझाही हात होता. लॅबमध्ये काँक्रीटचे सिलिंडर भरताना कांडीने किती ठासायचं हे मला याच मुलाने शिकवलं होतं. स्लम्प टेस्टचा (ओलं काँक्रीट किती पातळ आहे ते बघायच्या चाचणीचा) शंकू उचलायच्या आधीच मिश्रण बघून "यात पाणी जास्त झालंय" म्हणायचा आणि त्याचं बरोबर निघायचं. व्यवहारज्ञान आणखी कशाला म्हणायचं? आणि आम्ही मोजले काय, तर तास.

याची बोच मला पुढे नोकरीत जास्त लागली. आपल्या धंद्यात हे तीन खांब शोभेचे नाहीत. 17 जुलै 1981 ला कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलात छताला टांगलेले, ये-जा करायचे पूल कोसळले आणि 114 माणसं गेली. मूळ नकाशात छतापासून खाली सलग एकच सळई होती. चौथ्या मजल्याच्या पुलातून आरपार जाऊन तीच खालचा, दुसऱ्या मजल्याचा पूलही धरणार होती. तशी सळई बनवायची तर मधल्या नटसाठी लांबच लांब आटे पाडावे लागणार, आणि बसवतानाही ते खराब होण्याची भीती. म्हणून एकाच्या दोन सळया झाल्या. त्यामुळे खालचा पूल वरच्याच्या तुळईला लटकला आणि त्या जोडावरच्या नटवर दुप्पट भार आला. शॉप ड्रॉइंग, म्हणजे भाग बनवण्यासाठीचा वर्कशॉपचा नकाशा, मंजूर झालं, पण तो जोड पुन्हा कोणी गणित करून तपासला नाही. मुळात तो जोड आधीच नियमापेक्षा कमकुवत होता, ते वेगळंच. हे गणित दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही येतं. नडलं ते हे की नकाशा काढणाऱ्याने प्रत्यक्षात बनवायला अवघड अशी सळई काढली, आणि बदल झाल्यावर नकाशावाले आणि वर्कशॉपवाले अशा दोन्ही बाजूंनी बसून तो जोड नीट पाहिला नाही. वर्कशॉपमधल्या माणसाचं ऐकून घेणारा आणि तेवढ्याच काळजीने पुन्हा आकडे मांडणारा इंजिनिअर तिथे हवा होता.

म्हणून कोणाला घ्यायचं हे ठरवताना तासांचा तक्ता समोर ठेवून हात वर करू नयेत असं मला मनापासून वाटतं. पोरगं शनिवारी कुठे होतं ते विचारा. साइटवर घाम गाळत असेल, घरी आजारी आजीजवळ बसत असेल, तर ते तासही धरा. नियमात बसत नसेल तर नियम बदलायचा ठराव मांडा. स्थानिक शाखा मुलंच चालवतात, त्यामुळे हे त्यांच्या हातात असतं.

भाचीला सांगितलं, पैसे भर आणि जा. परीक्षेची तयारी करून घेणारे सीनियर भेटतील, पुढे इंजिनिअरच्या परवान्यासाठीच्या पहिल्या, एफई परीक्षेलाही तेच उपयोगी पडतील. आणि पुढच्या वर्षी नवे सभासद निवडायच्या मीटिंगला बसशील तेव्हा गप्प राहू नकोस. ती जरा थांबून म्हणाली, "मावशी, आमच्या वर्गात एक मुलगी रात्रपाळीला गोदामात काम करते. तिलाही ईमेल आलीये, पण ती नको म्हणतेय, वेळच नाही तिला." म्हटलं, आज तिच्याशी बोल, आणि मग तुमच्या फॅकल्टी अ‍ॅडव्हायझरना भेट.

इथे काय एप्सिलॉन किंवा टाउ बेटा पायमध्ये असलेले कोणी असतील, तर काम करून शिकणाऱ्या मुलांसाठी तुमच्या शाखेत काय सोय होती ते खाली लिहा. भाचीला पाठवायचं आहे.