२६ जुलै ही शाहू महाराजांची जयंती नव्हे

‘२६ जुलै १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला आणि वाढदिवसाचे औचित्य साधून त्यांनी आरक्षण जाहीर केले’ असा दिनविशेष कोल्हापुरातील अनेक ग्रुपवर फिरत आहे. त्यातील जन्मतारीख चुकीची आहे. महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी झाला. याच तारखेला कसबा बावड्यातील लक्ष्मी-विलास पॅलेस या जन्मस्थळी अभिवादन होते आणि राज्य शासन सामाजिक न्याय दिन पाळते.

जुन्या काही छापील मजकुरातही जुलैच आढळतो, त्यामुळे हा संदेश पाठवणाऱ्यांना दोष देता येत नाही. २६ जुलैचे महत्त्व वेगळे आहे: १९०२ साली याच दिवशीच्या करवीर गॅझेटमध्ये (कोल्हापूर संस्थानाच्या राजपत्रात), संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला, आणि त्या वेळी महाराज स्वतः विलायतेत होते. म्हणजे वाढदिवसाच्या घोषणेची गोष्ट, ऐकायला कितीही छान वाटली तरी, टिकत नाही.

जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये, शक्य असल्यास काढून टाकावा. जयंतीचा जोडदिनविशेष हवाच असेल, तर बालगंधर्वांचा जन्मही २६ जूनचाच, १८८८ सालचा.