थंड पाणी जड, कोमट हलकं? रेणू काही फुगत नाहीत

उन्हाळा लागला की घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. त्याचं म्हणणं असं : पाणी थंड केलं की त्याचे रेणू आकसून जड होतात, तापवलं की फुगून हलके होतात, म्हणून फ्रीजचं पाणी पोटाला जड आणि कोमट पाणी हलकं. बर्फ तेवढा तरंगतो, कारण त्यात हवा अडकलेली असते. खाली ‘हे विज्ञान आहे’ अशी पुस्तीही असते. विज्ञानाच्या नावावर हे खपतं याचं मला वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट याहून कितीतरी सुंदर आहे.

आधी रेणू. एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन, मधे साधारण 104.5 अंशांचा कोन. फ्रीजच्या बाटलीत काय आणि चहाच्या आधणात काय, रेणू जवळपास तेवढाच राहतो. बदलतं ते रेणूंमधलं अंतर आणि त्यांची मांडणी.

‘जड’ म्हणजे तरी किती? 250 मिलिलिटर पाणी 4 अंशांना 250 ग्रॅम भरतं, 40 अंशांना 248. फरक दोन ग्रॅमचा, अर्धा चमचासुद्धा नाही. शिवाय पोटात गेल्यावर थंड पाणीही थोड्या वेळात अंगाच्या तापमानाला येतंच. पुरणपोळी पचायला जड असते, ते जडपण वेगळं. कोमट पाण्यानं बरं वाटत असेल तर जरूर प्या, पण त्याचं श्रेय घनतेला देऊ नका.

‘थंड कराल तसं जड’ हेही 4 अंशांपर्यंतच खरं. दहावीच्या पुस्तकातलं होपचं उपकरण आठवा : पाण्याचं उंच भांडं, मधोमध बर्फ-मिठाचं गोठणमिश्रण, वर आणि खाली एकेक तापमापी. आधी खालचा पारा उतरतो आणि 4 अंशांवर थबकतो. मग वरचा उतरायला लागतो, तो थेट शून्यापर्यंत. म्हणजे 4 अंशांचं पाणी तळाशी बसलं आणि त्याहून थंड पाणी वर राहिलं! स्कॉटलंडच्या थॉमस चार्ल्स होप यांनी 1805 साली हे मांडलं.

असं का होतं, याचं उत्तर हायड्रोजन बंधात आहे. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हे बंध ठरावीक दिशांनीच नीट जुळतात, त्यामुळे जुळलेल्या रेणूंमध्ये पोकळ जागा उरते. पाणी तापलेलं असताना रेणूंच्या धडपडीत ही मांडणी मोडत राहते आणि मोकळे झालेले रेणू त्या पोकळीत घुसतात. थंड करताना दोन गोष्टी एकदम घडतात. धडपड कमी होऊन रेणू जवळ येतात, आणि त्याच वेळी पोकळ मांडणी वाढू लागते. 4 अंशांपर्यंत पहिली गोष्ट वरचढ ठरते, त्याखाली दुसरी. गोठल्यावर प्रत्येक रेणूला चार शेजारी, षटकोनी कडी, आणि कड्यांच्या मधे रिकामी जागा. या जागेत हवा नसते, काहीच नसते. म्हणूनच आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं आणि फ्रीजरमध्ये विसरलेली काठोकाठ भरलेली काचेची बाटली तडकते.

उरली अडकलेली हवा. ट्रेमधल्या खड्याच्या पोटात दिसणारा पांढरा भाग म्हणजे तिचेच बुडबुडे, हे खरं. त्यांनी खडा किंचित हलका होतो, हेही खरं. पण उकळून गार केलेलं पाणी थर्माकोलच्या डब्यात, झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा. ते वरून खाली गोठत जातं आणि बुडबुडे तळाकडे ढकलले जातात. वरचा काचेसारखा नितळ तुकडा तोडून पाण्यात सोडा. मी सोडला तेव्हा तोही तरंगला, साधारण बारावा हिस्सा पाण्याबाहेर ठेवून.