आमरीला काळी माती नको: एक खुलासा

‘इंग्रज ऑर्किड शेणखत घातलेल्या मातीतच वाढवत, म्हणून तसंच लावा’ असा मेसेज नाशिकच्या बागप्रेमींमध्ये फिरतोय. कृपया ऑर्किड, म्हणजे आमरी, तशी लावू नका.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये झाडावर वाढणारी ऑर्किड कुजक्या पाल्यात, कोंदट तापलेल्या काचघरांत ठेवत. त्यातली बहुतेक मेली. १८३०च्या दशकात इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ इस्टेटीचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने खेळती हवा दिली, तेव्हा ती जगू लागली. पुढे कुंडीत भरायला ऑस्मुंडा नावाच्या नेच्याच्या (फर्नच्या) मुळांचा काथ्या आला आणि १९५०च्या सुमारास फर या सूचीपर्णी झाडाच्या सालीचे तुकडे. शंभर वर्षांचा हा सगळा खटाटोप मुळांना हवा मिळावी म्हणूनच होता.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंची मातीत लावलेल्या ऑर्किडची कुंडी उपसली. मूळ चिमटीत धरलं तर वरचं आवरण निसटून हातात आलं, आत नुसता दोरा उरला. आपली काळी माती पाणी धरून बसते, तिथे मूळ गुदमरतं. निरोगी मूळ कोरडं असताना रुपेरी दिसतं, भिजलं की हिरवं.

जमिनीत वाढणाऱ्या आमरी वेगळ्या, त्यांना माती चालते. पण बाजारातल्या फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम या झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडना कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि भोकं असलेली कुंडीच द्या.